समोरच्या काचेचं ऊन

कुंदाबाईला राग लवकर यायचा, पण तो यायचा तसा जायचाही. भाजीवाल्यावर यायचा, मशीनचा दोरा मध्येच तुटला तर मशीनवर यायचा. समोर काचेची इमारत उभी राहिली आणि राग तिच्या घरी मुक्कामालाच आला.

जळगावच्या जुन्या पेठेत तिचं दोन खोल्यांचं घर. पुढे ओटा, तोंड उगवतीला. त्यामुळे दुपार कलली की ओट्यावर सावली. वैशाखात जिथे रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, तिथे अशी सावली म्हणजे मोठी गोष्ट. त्याच ओट्यावर बसून तिने लग्नमांडवाच्या कनाती शिवत उमर काढली. अर्धांगवायूने एक बाजू गेलेले तिचे मालक नवलभाऊ शेजारी खाटेवर असत. येणाऱ्या-जाणाऱ्याचा जयभीम घ्यायचा, दोन शब्द बोलायचे, हेच त्यांचं जगणं उरलं होतं.

समोर कापसाचं दगडी गोदाम होतं. ते युवराजशेठने पाडलं आणि चार मजली कॉम्प्लेक्स उठवलं. दर्शनी बाजूला वरपासून खालपर्यंत निळी काच. उद्घाटनाला कुंदाबाई स्वतः जाऊन सरबत पिऊन आली. नवलभाऊंना म्हणाली, “आपली गल्ली पुनासारखी दिसाले लागनी!”

तेव्हा थंडीचे दिवस होते. चैत्र लागला आणि तिला कळलं. सूर्य मावळतीकडे झुकायचा, समोरच्या काचेवर आदळायचा आणि तिथून थेट तिच्या ओट्यावर यायचा. मागच्या भिंतीवर खरं ऊन, पुढच्या दारात काचेचं, मध्ये दोन जीव. मोगरा करपला. प्लास्टिकच्या बादलीने मान टाकली. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीतला कोटाचा निळा रंग पांढुरका पडला. तिने दाराला साड्या बांधल्या, पण झळ काही थांबेना.

एका दुपारी नवलभाऊ भलतंच बोलू लागले. मरून गेलेल्या आईला हाका मारू लागले. अंग तव्यासारखं तापलेलं. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. सलाईन लावता लावता डॉक्टर ओरडले, “यांना एवढ्या उन्हात कोणी बसवलं?”

“उन्हात नव्हते हो,” कुंदाबाई किंचाळली, “घरात होते!”

नवलभाऊ वाचले. ती मात्र तिथून तशीच युवराजशेठच्या ऑफिसात गेली. आत एसीने अंगावर काटा आला.

“अक्का, काच खास सुरतेहून आणली,” शेठ म्हणाला. “आख्ख्या रोडवर अशी बिल्डिंग नाही. तुम्ही एक जाड पडदा लावून टाका ना.”

“काच तुमनी, आनि परदा मना? मना घरवर दोन सूर्य तपी ऱ्हायनात, शेठ!”

तो हसला. “सूर्यावर काही माझी मालकी नाही.”

ते हसू तिच्या डोक्यात गेलं. महापालिकेत गेली, तर साहेब म्हणाले, इमारत शेठच्या हद्दीत आहे, उजेड हद्दीबाहेर येतो म्हणून कारवाई कशी करणार? ती तिथेच म्हणाली, “त्याच्या गटाराचं पाणी माझ्या दारात आलं तर कराल ना? मग ऊन का सोडता?” साहेबांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

दुसऱ्या दिवशी तिने घरात साठलेल्या जुन्या कनाती बाहेर काढल्या आणि मांडव बांधणाऱ्या आधारला बोलावलं.

“काकू, पोलीस येतीन,” आधार म्हणाला.

“येऊ दे. त्यासले बी जरा ऊन लागू दे.”

कनातींचे गठ्ठे खांद्यावर घेऊन दोघं कॉम्प्लेक्सचा जिना चढू लागली. तिसऱ्या मजल्यावर कुंदाबाई थबकली. भट्टीचं दार उघडावं तशी झळ आली. आत स्पर्धा परीक्षेचा क्लास होता. पोरी डोक्यावर ओले रुमाल घेऊन लिहीत होत्या, काचेवर वर्तमानपत्रं चिकटवलेली. क्लास चालवणारी समीक्षा बाहेर आली.

“तुमच्याकडे एसी नाही?” कुंदाबाईने विचारलं.

“खालच्या शोरूमला आहे. मी नुसती उघडणारी खिडकी मागितली, तर शेठ म्हणाले, बाहेरून वाईट दिसते.”

दोन महिने कुंदाबाई या वरच्या लोकांना शिव्या घालत होती. ते गारव्यात बसलेत आणि आपण भाजतोय, असं तिला वाटे. इथे तर आतले आणि बाहेरचे दोघं एकाच काचेवर शेकत होते. कोणासाठी लावली मग ही? रस्त्यावरून जाताना मान वर करून बघणाऱ्यासाठी!

“चला गं पोरींनो,” ती म्हणाली, “दोऱ्या धरा.”

गच्चीवरून लाल-पिवळ्या कनाती सळसळत खाली सुटल्या आणि निळी काच झाकली गेली. खाली गर्दी जमली. समोरच्या ओट्यावर सावली पडली. युवराजशेठ उघड्या पायांनी धावत आला, पाठोपाठ हवालदार.

“उतरवा ते!” हवालदार ओरडला.

“आधी काच उतरवा,” वरून आवाज आला, “मग मी कनात उतरवते!”

संध्याकाळी तिला ठाण्यात बाकावर बसवून दम दिला. तिनेही एकेका शब्दाला जबाब दिला. सकाळी शेठच्या माणसांनी कनाती ओढून गटारात टाकल्या. पण समीक्षाने आणि चौथ्या मजल्यावर दवाखाना असलेल्या दातांच्या डॉक्टरने सांगून टाकलं, खिडक्या करा, नाहीतर आम्ही निघालो. शेठ कुंदाबाईला भ्याला नाही. रिकाम्या मजल्यांना भ्याला. वरच्या दोन मजल्यांची काच काढून खिडक्या पाडल्या, पुढे ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्या बसवल्या. खालच्या काचेला हात लावला नाही, तिच्यावर शोरूमचं नाव चमकतं.

म्हणून भर दुपारची भाजणी थांबली, पण संध्याकाळच्या आधी ऊन अजून ओट्यावर येतं. नवलभाऊंची खाट मागच्या खोलीत गेली. तिथून कोणी जात नाही, कोणी जयभीम घालत नाही. ते आता फार बोलत नाहीत. लोक कुंदाबाईला म्हणतात, जिंकलीस. ती म्हणते, “काय जिंकनू? मना माणूस मुका व्हई ग्या.”

परवा रस्त्याच्या टोकाला नव्या बांधकामावर टेम्पोतून काच उतरत होती. ती मशीन सोडून तडक तिथे गेली आणि ठेकेदाराला म्हणाली, “समोर कोन ऱ्हास? त्यासले इचारं का?”

“त्यांना कशाला विचारायचं?”

कुंदाबाईने त्याचं मनगट धरलं, त्याला ओढत रस्ता ओलांडला आणि समोरच्या घराची कडी जोरात वाजवली.