मीठ मारलेला बर्फ

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझी बायको बोईसरजवळच्या एका शाळेत दाखल होती. शाळेचंच तेवढ्यापुरतं इस्पितळ केलं होतं. तिला साखरेचा आजार जुना. त्यात तिथल्या औषधांनी साखर आणखी चढली होती, दिवसातून तीनदा इन्सुलिनची सुई लागायची. मला आत सोडत नसत. तरी मी रोज सातपाटीहून येऊन फाटकाशी बसायचो. मुलगा म्हणायचा, उगाच कशाला जाता. मी ऐकलं नाही. मी कुणाचं ऐकत नाही, हे गावाला ठाऊक आहे.

त्या दिवशी सकाळीच वीज गेली आणि दुपारी जनरेटरही बंद पडला. औषधांची खोली फाटकाला लागून होती, वरती पत्रे. तिथली बाई माझ्या नातीच्या वयाची. ती बाहेर येऊन रखवालदाराला विचारू लागली, फ्रीज गरम होतोय, बर्फ कुठं मिळेल?

बर्फ म्हटल्यावर मी उठलो. उभा जन्म मासेमारीच्या बोटीवर तांडेल म्हणून गेला माझा. फोन केला आणि तासाभरात टेम्पोतून बर्फाची लादी आणि मासळीचा कोरा थर्माकोलचा खोका हजर केला.

तिला वॉर्डात जायचं होतं. तिथं जाऊन आलेल्या हातांनी औषधाला शिवायचं नाही, असा तिचा नियम. म्हणून आधी तिनं माझे हात धुवून घेतले, हातमोजे घालायला लावले आणि इन्सुलिनच्या बाटल्यांची पिशवी माझ्याकडे दिली. म्हणाली, "बाबा, बाटल्यांना बर्फ लागू देऊ नका, मध्ये पुठ्ठा ठेवा. थंड पाहिजे, पण गोठायला नको. गोठलं की औषध फुकट."

ती गेली. मी पुठ्ठ्याकडे बघितलं. शाळेत चौथीच्या पुढे गेलो नाही, पण बर्फ मला कुणी शिकवावा? लांबच्या बाजाराचा माल भरताना आमी बर्फ फोडून मालाच्या अंगाला दाबतो आणि वरून खडं मीठ मारतो, म्हणजे थंडी डबल. मीठ टेम्पोत होतंच. पुठ्ठा बाजूला ठेवला आणि तसाच खोका भरला. वर झाकण लावून त्याच्यावर हात ठेवून बसलो, ऐटीत.

दोनेक तासांनी बर्फ किती उरला ते बघायला झाकण उघडलं. एक बाटली वर काढली तर आत पांढरं. हलवली, हलेना. मी ती मुठीत धरली. हळूहळू ते वितळलं आणि पाण्यासारखं स्वच्छ झालं. परत पिशवीत ठेवली. बाकीच्या बघायचं धाडस झालं नाही. पिशवी बर्फातून काढली, खाली पुठ्ठा घातला, वर ठेवली.

चारच्या सुमाराला बाई आली. हात पुसले, हातमोजे बदलले, पिशवी घेतली. विचारलं, "गोठलं नाही ना, बाबा?"

मी नाही म्हणालो.

ती वॉर्डात पिशवी देऊन औषधांच्या खोलीकडे परत निघाली. एवढ्यात बायकोचा फोन आला. तोंड सुकलंय म्हणाली, साखर फार वर गेलीय, सिस्टर आता सुई घेऊन येतेय. मी फोन कानाला धरून उभा राहिलो. मग फाटकातून आत घुसलो. रखवालदारानं दंड धरला. तिथूनच बाईला हाक मारली.

"बाय, ती सुई थांबव. गोठलेली हाय. मी खोटं बोललो."

ती वळली. माझ्याकडे बघितलं आणि पळत आत गेली. वेळेत पोचली की नाही, मला कळेना. फोन चालूच होता, पण त्यात नुसता पंख्याविना तळमळणाऱ्या माणसांचा गलका. मग बायको म्हणाली, "सिस्टर भरलेली सुई परत घेऊन गेली. काय झालं?"

बाई पिशवी घेऊन बाहेर आली. किती गोठल्या होत्या, विचारलं. मी म्हणालो, बघितली एकच, पण बर्फ सगळ्यांना सारखा लागला, मीठ मारलेला. तिनं सगळ्या बाटल्या वेगळ्या पिशवीत घातल्या, वर पेनानं फुली मारली. मी म्हणालो, आता तर स्वच्छ दिसतात, दुसरी येईपर्यंत हिला एक दिली तर?

"दिसण्यावर गेले असते तर तिला पाणीच टोचलं असतं," ती म्हणाली. मग नव्या बाटल्यांसाठी पालघरला फोन लावला.

गाडी यायला दीड तास लागला. त्या दीड तासात बायको तीनदा फोनवर आली. तिसऱ्यांदा तिची जीभ जड झाली होती. गाडी आली तेव्हा बाईनं पहिली बाटली स्वतः आत नेली. थोड्या वेळानं फोन वाजला. सुई झाली होती. बाईनं बायकोला सगळं सांगितलं होतं. हळू आवाजात म्हणाली, "मीठ मारायला मी काय पापलेट हाय?"

वीज अजून आलेली नव्हती. बाईनं तो खोका माझ्यापुढे ठेवला. तिच्या देखत मी बर्फ भरला, मीठ न मारता, खाली पुठ्ठा, वर पुठ्ठा. पिशवी तिनं स्वतः आत ठेवली. राखायला मात्र मलाच बसवलं.

दिवेलागणीला वीज आली. ती खोका न्यायला आली आणि तेच विचारलं, "गोठलं नाही ना?"

मी म्हणालो, "तूच उघडून बघ."