पाहुण्यांपासून लपवलेल्या गोळ्या

मैत्रिणींनो, हॉस्पिटलच्या बाकावरून लिहितेय.

आज आमच्या पिपलानीच्या क्वार्टरवर नणंदेला, मेघाला, बघायला पाहुणे आले. तिच्या फिटच्या गोळ्या त्यांना दिसू नयेत म्हणून सासूबाईंनी त्या बडीशेपेच्या डबीत ओतून ठेवल्या.

चहा चालू असताना माझा तीन वर्षांचा ओजस झोकांड्या खात आला आणि कोसळला. हाका मारूनही डोळे उघडेना.

"झोप आली असेल," सासूबाई म्हणाल्या.

मेघाला उघडी डबी दिसली. पाहुण्यांसमोरच ती ओरडली, "वहिनी, यानं माझ्या फिटच्या गोळ्या खाल्ल्यात!"

डॉक्टरांनी आधी विचारलं, "बच्चे ने खाया क्या है?" मेघामुळे उत्तर तयार होतं. ओजस आता शुद्धीवर आहे.

सासूबाई अजून म्हणतायत, "सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती?"

तुमच्या घरात कुठल्या डबीत कुणाचा आजार लपवलाय? आत्ता उठा आणि बघा.