मन आत्तिन्छ?

पूर्व नेपाळच्या डोंगरात नैनकली भुजेल बावीस वर्षं गावची आरोग्यसेविका होती, तीही बिनपगारी. काठमांडूहून संशोधन करणारे प्रज्ज्वल सर आले ते सात प्रश्न घेऊन, आणि नैनकली त्यांना घरोघर नेऊ लागली. परदेशात तयार झालेली ही प्रश्नावली नेपाळी माणसाची घबराट नीट ओळखते का, हे त्यांना तपासायचं होतं.

पहिल्याच घरात फज्जा उडाला. "गेल्या दोन आठवड्यांत चिंता वाटली का?" म्हटल्यावर म्हातारी फिस्सकन हसली. "चिंता नसलेली बाई दाखव, तिच्या पाया पडते!"

"सर, असं विचारून काय कळणार?" नैनकली म्हणाली. "जीव उगाच घाबराघुबरा झाला की आम्ही 'मन आत्तिन्छ' म्हणतो. तसं विचारा."

सरांनी शब्द बदलला, आणि बाया बोलायला लागल्या.

शेजारची सोमती अंगणात नाचणी झोडत होती. नवरा कतारला, दोन वर्षं त्याचा फोन नाही. सातही प्रश्नांना तिचं एकच उत्तर: रोज. मग दांडकं टाकून रडलीच. "दिदी, हा आजार असतो होय? मला वाटायचं, मीच मेली कामचुकार. आता औषध कधी देणार?"

नैनकलीनं सरांना विचारलं. सर ओशाळले. "दिदी, सध्या प्रश्न बरोबर आहेत का एवढंच बघतोय. ही चिठ्ठी घ्या, जिल्ह्याच्या इस्पितळात दाखवा."

दोघी चार तास डोंगर उतरल्या, पुढे जीपनं गेल्या. मनाच्या डॉक्टरांच्या खोलीला कुलूप.

"बदली झाली," शिपाई म्हणाला.

"नवे कधी येणार?"

"मला काय ठाऊक?"

परतताना सोमती एवढंच म्हणाली, "विचारलं नसतंस तर बरं होतं, दिदी. झाकलेलं होतं ते उघडं केलंस." पुढे पाण्यावर भेटली तरी तोंड फिरवायची. माघात लेकीला घेऊन माहेरी गेली, ती परत आलीच नाही.

वर्षानं सरांचा फोन आला. काठमांडूच्या इस्पितळात हेच प्रश्न विचारून पाहिले, तेव्हा डॉक्टरांच्या तपासणीशी उत्तरं जुळली होती. प्रश्नावली खरी उतरली होती. "तुमच्यामुळे, दिदी! आता उदासीची प्रश्नावली घेऊन येतोय."

"बरोबर डॉक्टर आणताय?"

"ते... पुढच्या टप्प्यात."

"मग आमच्या गावात येऊ नका."

सर पलीकडच्या गावात गेले. तिथली सेविका बाजारात भेटली. "दिदी, तुम्ही नाही म्हणालात म्हणे?"

नैनकलीनं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या बायकांना आजवर कुणी काही विचारलंच नाही, दिदी. निदान विचारतायत तरी."