मनोहर सर आणि कार्तिकातला बॉन्ड

मृणालचा फोन आला तेव्हा मी सेलूला माझ्या कृषी केंद्रात चण्याच्या बियाण्याच्या थैल्या उतरवून घेत होतो. मृणाल म्हणजे मनोहर सरांची लेक, वडिलांच्या दुखण्यामुळे पुण्याहून धावत आलेली. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाली आणि फोन तसाच चालू ठेवून रडत राहिली. मागून सुमनवहिनींचा आवाज आला, "त्यायले म्हण, जेवून निघजा. उपाशी नोका येऊ." नवरा जाऊन तास झाला नव्हता आणि ही बाई मला जेवून निघ म्हणत होती... मी हमालांना थांबवलं, शटर ओढलं आणि वर्ध्याची एसटी पकडली. रस्ताभर रडू आलं नाही. राग आला. खोटं कशाला बोलू, तो अजून गेलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात, आणि सर चांगलेच होते, त्यात वादच नाही. पण ज्या माणसानं आम्हा दहा-पंधरा जणांना शेअर-बॉन्डच्या कागदाची किंमत करायला शिकवलं, त्यानं स्वतःच्या जिवाच्या बाबतीत असं करावं, हे मला काही केल्या पचत नाही.

सर वर्ध्याच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवायचे. कॉलेज विनाअनुदानित, म्हणजे पेन्शनच्या नावानं बोंब. निवृत्त झाल्यावर घराच्या व्हरांड्यात त्यांनी एक फळा टांगला आणि रविवारी सकाळी जो येईल त्याला शेअर आणि बॉन्ड समजावून सांगायला बसले. फी नाही, टिप नाही. "कोणता घेऊ?" असं विचारणाऱ्याला ते सरळ पोहे खायला घालून वाटेला लावत. मी तिथं पोचलो तो हात पोळून घेऊन. माझ्या दुकानात सगळ्यात जास्त खपणाऱ्या कीटकनाशकासारखं नाव दिसलं म्हणून मी एका कंपनीचे शेअर उचलले होते. ती कंपनी औषधाची नव्हतीच, कुठंतरी फरशा बनवत होती! भाव असा घसरला की घरात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर धोटे मला ओढून सरांकडे घेऊन गेले. मी सगळी रामकहाणी सांगितली. सर हसले नाहीत. वर्गात शुद्ध बोलणारा हा माणूस मूळचा आर्वीपलीकडच्या तळेगावचा, व्हरांड्यात आला की वऱ्हाडीवर यायचा.

"गजानन, सेलूत एखादं दुकान इकत घ्याचं असन, तर पाटी पाहून घेशीन का?"

"नाई सर."

"मंग काय पाहशीन?"

"गल्ला पाहीन. गिऱ्हाईक, भाडं, उधारी किती थकली..."

"मंग शेअर घेताना डोये काऊन झाकले बाप्पा?"

धोटे खो खो हसले, मीही हसलो. त्या दिवसापासून मी रविवार चुकवला नाही. लग्नकार्य असलं तरी अक्षता टाकून मी व्हरांड्यात हजर.

शिकवायची त्यांची तऱ्हा आमच्या वावरातून, म्हणजे शेतातूनच यायची. बॉन्ड म्हणजे मक्त्यानं दिलेलं वावर, ते म्हणायचे. पिको न पिको, ठरलेली रक्कम ठरल्या दिवशी, आणि मुदत संपली की वावर तुमचं तुम्हाला परत. शेअर म्हणजे बटई. पिकलं तर वाटा, नाही पिकलं तर बांधावर बसून आभाळ पाहा. आणि दोन्हीची किंमत कशी करायची, ते त्यांनी संत्र्याच्या बागेवरून समजावलं. आमच्याकडे फळ झाडावर हिरवं असतानाच व्यापारी बाग बघायला येतो आणि उक्ती बहार, म्हणजे झाडावरचं सगळं पीक एकरकमी मागतो. तो बागेत फिरतो, झाडांवर फळ किती धरलं ते बघतो, तोडणीला किती महिने आहेत, गळ किती होईल, गारपीट झाली तर काय, हे सगळं डोक्यात धरतो आणि तेवढं कापून आजचा भाव सांगतो. सर म्हणायचे, बाजारात शहाणा माणूस हेच करतो. उद्या येणारे पैसे मोजायचे, वाट पाहण्याचे आणि जोखमीचे कापायचे, जे उरलं ती आजची किंमत. त्याच्यापेक्षा स्वस्त मिळालं तर घ्या, महाग असलं तर रामराम करा.

संत्र्याचा विषय निघाला की मात्र त्यांचा आवाज बदलायचा. त्यांचे वडील दरवर्षी बहार हिरवीच विकायचे, कारण मुलांच्या फिया भरायची वेळ तेव्हाच यायची. "आमची संत्रं पिवळी झाली की दुसऱ्याच्या ट्रकात जायची," सर एकदा म्हणाले. "मी बांधावर उभा राहून पाहो. तवाच ठरवलं, आपुन कच्चं काई इकायचं नाई." मी जरा तोंडाळ आहे, मी लगेच बोललो, "सर, व्यापाऱ्यानं जोखीम घेतली, त्याचे पैसे त्यानं घेतले. तुमीच तर शिकवलं हे." ते फळा पुसायला लागले. "समजते बे. सारं समजते. पण डोयानं पाह्यलेलं आहे ना ते..." आणि त्यांनी विषय बदलला.

मध्ये एका वर्षी व्याजदर वाढले आणि धोट्यांच्या जुन्या बॉन्डचा भाव खाली आला. धोटे हवालदिल. सरांनी शांतपणे समजावलं, तुमचं वावर जुन्या मक्त्यानं गेलेलं आहे आणि आता गावात सगळे जास्त मक्ता देताहेत, तर तुमचा करार दुसरा कोणी पूर्ण किमतीला कशाला घेईल? धोटे म्हणाले, "पण मी इकतच नाई ना, मंग मले कायचा तोटा?" त्यावर सर चिडले. त्यांना चिडलेलं मी तेव्हाच पाहिलं. न विकलेला तोटाही तोटाच असतो, आजचा भाव आहे तीच आज तुमच्याजवळ असलेली संपत्ती, डोळे मिटले म्हणून ती वाढत नाही, असं त्यांनी ठासून सांगितलं. फक्त मुदत जवळ आली की भाव आपोआप मुद्दलाकडे सरकतो, तेव्हा शेवटचे काही महिने उरले असतील तर विकताना फारसं काही जात नाही. हे सगळं त्यांनीच सांगितलं. त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे आम्ही, म्हणून तर जीव जळतो.

पेन्शन नाही म्हटल्यावर त्यांनी आपल्या आयुष्याची कमाई सरकारी रोख्यांत अशी लावून ठेवली होती की दरवर्षी कार्तिकात एक मुदतीला यावा. एक संपला की पुढच्या वर्षी दुसरा. शेअर होते ते मृणालच्या लग्नात गेले. हे रोखे मात्र वहिनींचे. "मी असो का नसो, सुमनले दर दिवाळीनंतर कोणाच्या तोंडाकडे पाहाव लागू नये," ते म्हणायचे. वहिनी आतून ओरडायच्या, "मले तुमचं तोंड पाह्यलं म्हणजे झालं! पोहे थंडे होऊन राह्यले." सर लाजायचे. एवढा वयस्क माणूस, बायकोनं चारचौघांत असं म्हटलं की कान लाल व्हायचे.

या श्रावणात त्यांना दम लागायला लागला. बोलता बोलता थांबायचे, खडू धरलेला हात खाली यायचा. नागपूरला एकटेच जाऊन दाखवून आले. हृदयाची झडप खराब झाली आहे, ऑपरेशन करावं लागेल, पण घाई नाही, दिवाळीनंतर केलं तरी चालेल म्हणाले डॉक्टर, असं त्यांनी घरी सांगितलं, आम्हालाही सांगितलं. सर आकड्यात कधी खोटं बोलले नव्हते, मग याच्यात कशाला बोलतील? आम्ही विश्वास ठेवला. वहिनींनी दिवाळीचा फराळ आधी करून ठेवायचा बेतसुद्धा आखला, म्हणजे नंतर दवाखान्यात राहता येईल.

दसऱ्याच्या अलीकडे एका सकाळी ते अंगणात कोसळले. वर्ध्याच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा नाकात नळी होती, डोळे मात्र जागे होते. वहिनी पायाशी स्टुलावर बसून त्यांचे तळवे चोळत होत्या. मला बघून सर म्हणाले, "गजानन, बरं झालं आला. एक सांगाचं आहे..." मग थांबत थांबत त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी श्रावणातच लवकर करा म्हणून बजावलं होतं. विम्यात हे दुखणं बसत नव्हतं. कार्तिकातला बॉन्ड ऑपरेशनला पुरत होता, पण मुदतीला काही महिने होते आणि आता मोडला तर मुद्दलातून थोडं कमी येणार होतं. "म्हटलं, निंघते दिवस दिवाळीपावतर. कच्चं काऊन इकाचं..."

वहिनींचे हात तळव्यांवर तसेच थांबले. त्या हे पहिल्यांदा ऐकत होत्या. मी भडकलो. आजारी माणसापुढे भडकू नये, पण भडकलो. "सर, मी मेलो होतो का? मले एक फोन करता येत नव्हता?" ते हसल्यासारखे झाले. "तू तर शिकलेला गडी आहेस आता. हिशेब करून पाह्यजो, माहं काई चुकलं का." ती आमची शेवटची भेट. त्यानंतर दोन दिवसांनी मृणालचा तो फोन आला.

तेरवी झाली. दिवाळी आली नि गेली, त्या घरात दिवा लागला नाही. मागच्या आठवड्यात त्या बॉन्डची मुदत पुरी झाली आणि मुद्दल, व्याजाचा शेवटचा हप्ता, सगळं एका रुपयाचीही तूट न येता वहिनींच्या नावे जमा झालं. त्याच रविवारी आम्ही सवयीनं व्हरांड्यात जमलो होतो. तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. इतक्या वर्षांत त्या चहा ठेवून आत जायच्या, कधी बसल्या नव्हत्या. त्या दिवशी सरांच्या खुर्चीशेजारी खाली बसल्या.

"भाऊजी, मले एक समजावून सांगा. नागपूरहून आले तवाच हा कागद मोडला असता, तर किती कमी आले असते?"

मी धोट्यांकडे बघितलं, धोट्यांनी मान खाली घातली. "कायले आता, वहिनी," मी म्हटलं. "नाई, सांगा," त्या म्हणाल्या. मी उठून खडू घेतला. सरांनी शिकवलं होतं तसंच मांडलं... मुदतीला मिळणारी रक्कम, उरलेले महिने, श्रावणात बाजारात असलेला दर. एकदा पुसून पुन्हा लिहिलं. उत्तर आलं ते मला मोठ्यानं वाचवेना.

"किती?"

"एका पंख्याची किंमत, वहिनी. साध्या पंख्याची."

वहिनी उठून आत गेल्या. आम्हाला वाटलं रडायला गेल्या. परत आल्या तेव्हा हातात तुरीच्या डाळीचा डबा होता. त्यांनी डाळीत हात घातला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या नोटा काढल्या आणि फळ्याखालच्या पट्टीवर, खडूंशेजारी ठेवल्या.

"एवढे तर माह्याजवळ होते, भाऊजी. मले एकडाव इचारलं असतं..."

ती पिशवी अजून तिथंच आहे. या रविवारी आम्ही पुन्हा जमलो, धोट्यांनी फळ्यावर एक सोपं गणित घातलं, आणि खडू घेताना आमच्यापैकी कुणीही तिला हात लागू दिला नाही.