शेवटचं कधी चाललं होतं?

समुद्राकाठच्या स्फाक्स शहरातल्या वसीला घोर्बेलला कसलीही तक्रार सांगा, तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "शेवटचं कधी चाललं होतं?" गुडघा दुखतोय म्हणा, जावई बोलत नाही म्हणा, शेजारणीची कोंबडी अंडी देत नाही म्हणा, प्रश्न तोच. तिची थोरली बहीण हयात म्हणते, "हिला कयामतीच्या दिवशी कबरीतून उठवलं तरी ही फरिश्त्यालाच विचारेल, दुनिया शेवटची धड कधी चालली होती म्हणून!"

वसीलाची सगळी नोकरी टेलिफोनच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीमागे गेली. तिथं ती एक गोष्ट शिकली. लोक तक्रार घेऊन येत नाहीत, निदान घेऊन येतात. 'शेजाऱ्यानं वायर कापली' असं छातीठोक सांगणाऱ्याच्या घरी जाऊन पाहावं, तर रिसीव्हर नीट ठेवलेला नसायचा. आणि दुसरं, त्या कचेरीत 'चूक आमची' हे वाक्य कधी कोणाच्या तोंडून निघालं नाही. वसीलाच्याही नाही, कारण तशी परवानगीच नव्हती. ही गोष्ट तिच्या मनाला अजून टोचते.

निवृत्तीनंतर भाच्यानं तिच्या संगणकावर तो चालवणारी एक फुकटची यंत्रणा बसवून दिली, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली. एकदा तिचा गाभा, म्हणजे कर्नल, नवा आला आणि हिच्या संगणकाचा आवाज बंद पडला. गाणी नाहीत, रेडिओ नाही. हिनं चिडून त्या लोकांना पत्र लिहिलं. कुठल्याशा अनोळखी माणसाचं उलट टपाली उत्तर आलं: कोणत्या आवृत्तीपर्यंत चालत होतं? आणि खाली एक नियम. काल वापरणाऱ्याकडे चालत होतं ते आज आमच्या बदलानं बंद पडलं असेल, तर चूक आमची. वापरणाऱ्याची नाही, त्याच्या यंत्राचीही नाही. वसीलानं ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. अशी जागा जगात आहे हे तिला माहीतच नव्हतं.

तेव्हापासून ती तिथलीच झाली. कर्नलमध्ये प्रत्येक वस्तूला बोलतं करणारा एक ड्रायव्हर असतो, कार्डाचा वेगळा, कॅमेऱ्याचा वेगळा. नव्या आवृत्तीत यातलं काही मोडलं की त्याला हे लोक रिग्रेशन म्हणतात. वायफाय कार्डांची अशी सगळी मोडतोड वसीला सांभाळते. तक्रार आली की नीट विचारपूस करायची, ज्याच्या बदलानं मोडलं त्याला गाठायचं, आणि निस्तरेपर्यंत त्याच्या मानगुटीवर बसायचं. मोठमोठे कारागीर तिला टरकून असतात. कोणी म्हणालं, "मागे कशाला घ्यायचं? छोटीशी दुरुस्ती करतो ना," की हिचं उत्तर तयार, "आधी मागे घे, मग हुशारी कर."

अशातच त्या वसंतात केर्केना बेटावरच्या शाळेतून एक पत्र आलं. एरवी तिच्या तक्रारी ब्राझीलच्या नाहीतर कोरियाच्या. ही फेरीबोटीच्या अंतरावरची! लज़हर दहमान नावाच्या संगणकाच्या मास्तरांनी लिहिलं होतं की नवी चाचणी आवृत्ती घातल्यापासून शाळेच्या यंत्रांना वायफाय कार्ड दिसतच नाही. मास्तर पक्के होते. शोधायची रीत त्यांना ठाऊक होती: चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती यांच्यामधले बदल ओळीनं लावायचे, बरोबर मधला घेऊन पाहायचं, चालला तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही चालला तर मागच्या. असं अर्धं अर्धं करत गेलं की शेवटी एकच बदल हाती उरतो. मास्तरांच्या हाती उरला तो ओटाकरचा.

ओटाकर चेक देशातल्या ब्रनोचा. वर्षभर राबून त्यानं त्या कार्डाचा ड्रायव्हर नव्यानं रचला होता. आवृत्ती रविवारी बाहेर पडणार होती, म्हणजे ओटाकरची वर्षाची मेहनत त्याआधी उचलून बाहेर ठेवायची. वसीलानं तसं कळवलं. त्याचं उत्तर आलं, "मॅडम, माझ्याकडे चारी कार्डं चालतात. तुमच्या मास्तरांनी कुठंतरी गफलत केलीय."

"हे सगळेच म्हणतात," वसीलानं लिहिलं. "मास्तरांनी तुझा बदल काढून पाहिला. कार्ड चाललं. अजून काय हवं?"

"मला दोन आठवडे द्या."

"रविवारपर्यंत आहे. मागे घे, पुढच्या खेपेला आण."

पत्र पाठवून झालं, पण तिचा जीव स्वस्थ बसेना. मास्तरांच्या शेवटच्या पत्रात एक शब्द होता, 'कधीकधी'. बिघडलेल्या आवृत्तीवरही म्हणे कार्ड कधीकधी चालतं. या शब्दाचं वसीलाला वावडं. यंत्राला लहर नसते, लहर सांगणाऱ्याला असते, असं तिचं मत. आणि खरं सांगायचं तर तिला नुसता राग आला नव्हता, उत्सुकताही अनावर झाली होती. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या डोळ्यांनी यंत्रं पाहत आली होती. हे एक तरी स्वतःच्या डोळ्यांनी दिसणार होतं. शुक्रवारी सकाळी ती फेरीत बसली.

"लल्ला वसीला!" तिकडे बाईला आदरानं लल्ला म्हणतात, पुरुषाला सी. धक्क्यावर लज़हर मास्तर मोपेड घेऊन उभे होते. किडकिडीत, बोलघेवडे. "मला वाटलं तुम्ही उंच असाल. पत्रं फार उंच असतात तुमची."

"आधी यंत्र दाखवा, सी लज़हर. थट्टा फेरीपर्यंत पुरवून ठेवा."

शाळेला वसंताची सुट्टी होती. वर्गाच्या खिडकीबाहेर तारेवर ऑक्टोपस वाळत घातलेले. वसीला बाकावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही रोज करता तसंच करा. मला सांगू नका, नुसतं करा."

यंत्र सुरू झालं ते जुन्या आवृत्तीवर; मास्तरांनी बिघडलेली आवृत्ती निवडली, रीस्टार्ट केलं. कार्ड चाललं. मास्तरांचा चेहरा पडला. पुन्हा केलं, पुन्हा चाललं.

"बघा, आता कसं शहाण्यासारखं वागतंय! लल्ला, देवाशप्पथ, काल मेलेलं होतं हे. पाहुणे आले की पोरं शहाणी होतात ना, तसंच आहे याचं."

"काल किती वाजता मेलेलं होतं?"

"आता ते... सकाळी. सकाळी बहुतेक मेलेलंच असतं. दुपारच्या जेवणानंतरही."

तेवढ्यात शाळा सांभाळणारी म्हातारी मबरूका दारात आली. "मास्तर, जेवायला उठा, मी बंद करतेय," म्हणाली, आणि उत्तराची वाट न पाहता तिनं भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला. वर्गातला पंखा, दिवा, यंत्र, सगळं एकदम गप्प.

"ख़ालती, हे रोज करता?" वसीलानं विचारलं. तिकडे मावशीला ख़ालती म्हणतात.

"मग! मागं इथं एक तार जळाली, तेव्हापासून हेडमास्तरांचा हुकूम आहे. वर्गात माणूस नाही तर वीज नाही. मास्तर रागावतात, पण शाळा जळाली तर मला विचारणार, त्यांना नाही."

बार्लीचा कुसकुस आणि ऑक्टोपस जेवताना मास्तर बेटावरच्या लग्नांच्या गोष्टी सांगत होते. वसीलाचं एका गोष्टीत लक्ष असेल तर शपथ. परत आल्यावर मबरूकानं खटका वर केला. तीच आवृत्ती, तेच यंत्र, मधे कोणी हात लावलेला नाही. कार्ड नाही! मास्तरांनी रीस्टार्ट केलं, तरी नाही. मग जुनी, चांगली आवृत्ती घातली, कार्ड आलं. तिच्यावरून रीस्टार्ट करून पुन्हा बिघडलेली घातली, तरी आलं.

वसीला टाळी वाजवून उठली. साठीची बाई, पण वर्गात अक्षरशः नाचली. "मास्तर! जुनी आवृत्ती कार्डाला जागं करते. रीस्टार्टनं ते झोपत नाही, आतल्या आत वीज चालूच राहते. त्या जागेपणीच नवी आवृत्ती येते आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढते! खटका ओढला की कार्ड खरं झोपतं, आणि नवीला त्याला उठवता येत नाही."

मास्तर कपाळावर हात मारत खालीच बसले. "म्हणजे माझं अर्धं अर्धं..."

"वाया. कधी झोपलेलं तपासलंत, कधी जागं. ओटाकरचा बदल काढून पाहिलात तेव्हा ते जागं होतं."

"साप साप म्हणून भुई धोपटली की मी! त्या चेक माणसाची माफी कशी मागू?"

"आधी साप शोधू."

ते पुन्हा पहिल्यापासून बसले. प्रत्येक खेपेला मास्तर आवृत्ती बदलायचे आणि मबरूका खटका ओढायची. म्हातारीला आता गोडी लागली होती. "ओढू?" "ओढा ख़ालती." "मेलं?" "नाही, जगलं." अर्धं, मग त्याचं अर्धं. ओटाकरचा बदल दिसायच्या कितीतरी आधीच कार्ड मरू लागलं. तो सुटला. वसीलानं मनातल्या मनात त्याला लिहायचं पत्रही जुळवलं, आणि खरा दोषी कोण या उत्सुकतेनं ती मास्तरांच्या खांद्यावरून पडद्यावर जवळजवळ ओणवी झाली. शेवटी एकच बदल उरला.

मास्तर चष्मा वर करून वाचू लागले. "छोटासाच आहे. एक ओळ काढलीय फक्त, सुरुवातीला थोडं थांबण्याची. आणि नाव... पुढं नुसतं एक अक्षर आहे, पण लल्ला, हे तर तुमच्याच आडनावाचं कोणीतरी आहे. नातलग का?"

"हो," वसीला म्हणाली. "फार जवळची."

तो तिचा आयुष्यातला एकुलता एक पॅच होता, म्हणजे स्वतः लिहून पाठवलेला बदल. हिवाळ्यात ड्रायव्हर वाचता वाचता तिला ती थांबण्याची ओळ दिसली होती. का थांबायचं, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. दहा जणांना विचारलं, कोणाला ठाऊक नाही. मग तिनं ती काढली, कित्येक दिवस तपासलं, तो बदल पाठवला, आणि तो स्वीकारला गेला. हयातनं त्या दिवशी बकलावा करून गल्लीभर वाटला होता. तपासलं होतं खरं, पण कसं? रीस्टार्ट करकरून. तिच्या घरी यंत्राचा प्लग कधी कोणी काढतच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. तिला भलती लाज वाटली.

परतीच्या फेरीत तिनं मांडीवर संगणक उघडला. डोकं भराभर चालत होतं. ती ओळ सबंध परत कशाला घालायची? जरा कमी थांबवलं तरी कार्ड उठेल. पॅच राहील, नाव राहील, दुरुस्ती तेवढी जोडली जाईल. तिनं तशी चार ओळींची दुरुस्ती लिहूनही काढली. आणि मग वाचताना तिला स्वतःच्याच आवाजात ऐकू आलं, छोटीशी दुरुस्ती करतो ना. तिनं ते सगळं पुसलं. ती ओळ परत ठेवणारा पॅच जोडून, सर्वांना दिसेल अशा उघड्या पत्रात तिनं लिहिलं: 'माझा बदल मागे घ्यावा. मी फक्त रीस्टार्ट करून तपासलं होतं, वीज तोडून एकदाही नाही. ओटाकरच्या कामाचा यात काही दोष नाही. मी त्याच्यावर चुकीचा ठपका ठेवला, त्याबद्दल माफी. शोध: लज़हर दहमान आणि ख़ालती मबरूका, केर्केना.'

घरी पोचते तो ओटाकरचं उत्तर हजर. "मॅडम, रविवारला अजून दोन दिवस आहेत. थांबणं कमी करून पाहू या का? तपासायला मी बसतो. तुमचा एकच तर पॅच आहे."

माणूस इतका भला निघावा याचं तिला रडू आलं. डोळे पुसून तिनं लिहिलं, "आधी मागे घेऊ, मग हुशारी करू."

पण तेवढ्यावर तिला झोप लागणार नव्हती. परत आलेल्या त्या ओळीच्या डोक्यावर, जिथं इतकी वर्षं काहीच लिहिलेलं नव्हतं तिथं, तिनं आणखी एका पॅचनं साध्या शब्दांत लिहिलं: 'वीज तोडल्यावर कार्डाला जागं व्हायला वेळ लागतो. प्लग काढून तपासल्याशिवाय ही ओळ काढू नये.' कार्डाला इतका वेळ का लागतो, हे तिला अजूनही कळलेलं नाही, आणि ते तिनं खाली प्रामाणिकपणे नोंदवलं.

शनिवारी हयातनं विचारलं, "काय गं, तुझा तो पॅच काढला म्हणे? बकलावा वाटला होता मी, आता गल्लीला काय सांगू?"

वसीलानं तिच्यासमोर ओटाकरचं सकाळचं पत्र धरलं. त्यात एवढंच होतं: "मोजून पाहिलं. मागे घेतलेलाही धरतात इथं. तुमचे आता तीन झाले, लल्ला. पहिल्यात तुम्ही एक ओळ काढली, दुसऱ्यात परत ठेवली. तिसऱ्यात ती का ठेवायची ते लिहिलंत, आणि ते मात्र आजवर आमच्यातल्या कोणीच लिहिलं नव्हतं."