ऑफच्या पुढचा रकाना

लहानपणी मला जाग यायची ती कात्रीच्या आवाजानं. आमच्या गल्लीतल्या बाया उजाडायच्या आत विडीची पानं कापायला बसत. दुपारपर्यंत दारोदार कातरणाचे ढीग. आता मी नवी पेठेत, पुतण्याच्या फॉर्म भरायच्या दुकानात, लोकांचे फोटो चिकटवत बसतो. तिथं किस्से तसेच साचतात. बहुतेक एकाच इंग्रजी शब्दाचे. ऑफ.

मी चौथी शिकलेला. पुतण्या विनायकनं सांगितलं, “काका, ऑफ म्हणजे चा, ची, चे. सन ऑफ, वाइफ ऑफ.” एवढासा शब्द, पण त्यानं मला जेवढा राग आणलाय, तेवढा माणसांनी आणला नाही.

शेजारची नरसक्का जन्मभर विड्या वळत आली. सरकारच्या घरकुल योजनेत तिचा नंबर लागला. घर तिला एकटीच्या नावावर हवंय. नवरा टेंभुर्णीला दुसरा संसार मांडून बसलाय, आधार कार्डावर मात्र वाइफ ऑफ तोच.

“तेवढं खोडा की, दादा.”

विनायक म्हणाला, “रकाना रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर पुढं जात नाही, अक्का.”

*

मोडनिंबची एक म्हातारी आली. मेंढरं राखण्यात हयात गेलेली. वडिलांचं नाव विचारलं.

“ते गेलं तवा मी रांगत हुते. तुमीच टाका एकादं चांगलं.”

विनायक हसला. मला नाही हसू आलं. एवढं जगलेल्या बाईला स्वतःचं नाव पुरत नाही?

*

एक मास्तरीणबाई, लग्न न केलेल्या. कुणीतरी त्यांना धाकट्या भावाचं नाव लावायला सांगितलेलं.

“याचं नाक मी पुसलंय, काका. आता कागदावर हा माझा वाली?”

*

नरसक्का स्वतःच घरकुलाच्या ऑफिसात गेली. साहेब म्हणाला, “नवऱ्याचं नाव नको, बापाचा दाखला नाही. मग तू कुणाची?”

“विडीची.”

साहेब पोट धरून हसला आणि फॉर्म परत दिला. त्यात हसण्यासारखं काय होतं, मला अजून कळलेलं नाही.

*

परवा ती दुकानात फॉर्म घेऊन बसली होती, तेवढ्यात नवराच दारात. घराची खबर लागलेली. फॉर्मला जोडलेल्या तिच्या कार्डाच्या झेरॉक्सवर बोट ठेवून म्हणाला, “कागदच बोलतोय, ही माजी. मग घरात माजा वाटा न्हाय व्हय?”

मला लई बोलायचं होतं, पण माझी जीभ मुळातच हळू.

नरसक्का शांतपणे म्हणाली, “तुजं कार्ड दे.”

त्यानं दिलं. तिनं ते माझ्यापुढं धरलं.

“दादा, वाचा. यात मी कुटं हाय?”

मी वाचलं. सन ऑफ, त्याचा बाप. उलटून मागची बाजूही वाचली.

“कुठंच नाही, अक्का.”

“मग ह्यो माजा कोण?”

रांगेतली माणसं त्याच्याकडं बघत राहिली. त्यानं कार्ड खिशात घातलं, चपला पायात सरकवल्या आणि रिक्षांच्या गर्दीत निघून गेला.