डोळे मिटून दिलेलं उत्तर

चपलेतून आरपार गेलेला खिळा बाबांच्या तळव्यात दिवसभर रुतून होता आणि त्यांना कळलंही नव्हतं. मधुमेह जुना, म्हणून मी त्यांना पायांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरबाईंनी नायलॉनचा बारीक तंतू हातात घेतला. "काका, डोळे मिटा. पायाला काही लागलं की हो म्हणा."

तंतू अंगठ्याला टेकला, मग टाचेला. बाबा गप्पच. मग काहीतरी चुकतंय असं वाटून ते एकदम म्हणाले, "हो." थोड्या वेळाने पुन्हा, "हो." तेव्हा तंतू पायाजवळही नव्हता. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

जन्मभर शाळेत खो-खो शिकवलेला हा माणूस. मैदान ओलं आहे की कडक, हे अनवाणी पायांनी सांगायचा. "पाय दुखत नाहीत ना?" एवढंच मी विचारायचे आणि "नाही" ऐकून निर्धास्त व्हायचे. दुखत नव्हतं, हेच त्यांचं दुखणं होतं.

बाबांनी डोळे उघडले. "सगळं बरोबर आलं ना गं?"

"हो बाबा," म्हणत मी चेहरा लपवायला खाली वाकले. त्यांचं पाऊल दोन्ही हातांत घट्ट धरलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले, जणू पायाला कुणी हात लावलाच नव्हता.